अणुवीज केंद्राशेजारची जमीन

"जावईबापू, ही अणुवीज परवडणार की नाही, एवढं एका शब्दात सांगा," सासरे म्हणाले आणि घडी घातलेलं वर्तमानपत्र त्यांनी जावयाच्या ताटाशेजारी ठेवलं.

जावयानं हातातला घास ताटात ठेवला. तो वीज कंपनीत होता हे खरं, पण बंद मीटरच्या तक्रारी घेणाऱ्या खिडकीमागे. अणूशी त्याचा संबंध शाळेत आला होता, तोही काठावर पास होण्यापुरता. पण सासरच्या मंडळींच्या लेखी विजेतलं सगळं त्याला कळत होतं, आणि हा मान त्याला आवडतही होता.

सासऱ्यांचा प्रश्न साधा नव्हता. औषधांचं दुकान चालवून, पोटाला चिमटा काढून त्यांनी टेकडीपलीकडे जमीन घेतली होती. तिच्या शेजारी अणुवीज केंद्र बांधायचं घाटत होतं. केंद्र झालं तर रस्ते, वसाहत, दुकानं, जमिनीला सोन्याचा भाव. अर्ध्यात बंद पडलं तर नुसते खड्डे आणि खड्ड्यांत बेडूक.

"एका शब्दात कसं सांगू, बाबा?"

"मग दोन शब्दांत सांगा. मला घाई नाही."

जावई हात धुण्याच्या निमित्तानं न्हाणीघरात शिरला आणि मोबाइलवर वाचू लागला. पहिला लेख म्हणत होता, केंद्र एकदा उभं राहिलं की पिढ्यान्पिढ्या वीज देतं, इंधनाचा खर्चही तसा थोडाच. दुसरा म्हणत होता, बांधायलाच इतकी वर्षं जातात की व्याज मुद्दलाच्या डोक्यावर चढून बसतं. तिसरा म्हणत होता, पहिल्या दोघांचंही बरोबर आहे. चौथा उघडायच्या आत दारावर थाप पडली.

"पोट बिघडलं का हो?" सासूबाईंनी काळजीनं विचारलं.

तो बाहेर आला तेव्हा सासऱ्यांचे मेव्हणेही येऊन खुर्चीत विसावले होते. त्यांचं फर्निचरचं दुकान होतं आणि कुठल्याही व्यवहाराचा वास त्यांना लांबून येई.

"बांधून झालं तर परवडेल," जावई म्हणाला, "पण परवडेल अशा खर्चात बांधून होईलच, असं नाही."

"म्हणजे नाही परवडणार," सासरे म्हणाले.

"परवडेल म्हणाले ते, भाऊजी," मेव्हणे म्हणाले.

"आणि उन्हावरची वीज स्वस्त झाली तर?" सासऱ्यांनी विचारलं.

"तर... नाही परवडणार," जावई म्हणाला.

"पण रात्री ऊन कुठंय?" मेव्हणे म्हणाले.

"रात्री परवडेल."

"म्हणजे दिवसा जमीन विकायची आणि रात्री परत घ्यायची?" सासूबाईंनी विचारलं.

आठवड्याभरात सासऱ्यांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "जावईबापू, तुमचं ऐकलं! मेव्हण्याच्या गळ्यात मारतोय जमीन. तोही तुमच्याच शब्दावर घेतोय म्हणे!"

जावयानं फोन खाली ठेवला.

"तू नक्की काय सांगितलंस बाबांना?" बायकोनं विचारलं.

"मलाच नीट कळलं नव्हतं."

"मग आधी मामांना थांबव. उद्या कुणीही बुडालं तरी शिव्या तुलाच."

तो तडक फर्निचरच्या दुकानात गेला. "मामा, जमीन घेऊ नका. मला त्यातलं काही म्हणजे काही कळत नाही."

मेव्हणे गालातल्या गालात हसले. "भाऊजींनी धाडलं ना? आता सोडवत नसेल. म्हणजे भाव नक्की चढणार! सांगा त्यांना, थोडे वर देतो."

हातापाया पडून उपयोग होईना, तेव्हा तो तिथून सासऱ्यांकडे धावला. "बाबा, विकू नका. मी तुम्हाला अर्धवट सांगितलं."

"मेव्हण्यानं पाठवलं वाटतं! माघार घ्यायला बघतोय काय? आजच सह्या उरकतो."

आणि खरंच त्यांनी त्याच दिवशी सह्या उरकल्या.

पुढच्या रविवारी सगळे पुन्हा एकत्र जेवायला बसले. सकाळी एका वर्तमानपत्रात केंद्र होणार म्हणून छापून आलं होतं, दुसऱ्यात पैशांचा पत्ता नाही म्हणून. त्यामुळे कुणी चेहरा पाडून बसायचं आणि कुणी मिशीत हसायचं, हे ठरेना. जावई मान खाली घालून नुसता भात चिवडत होता.

शेवटी सासऱ्यांनाच राहवेना. "मेव्हणे, वाईट वाटून घेऊ नका. बुडालात तर मी आहेच."

"मी कशाला बुडतोय? मी नुसती धावपळ केली. खरेदी ताईच्या नावावर आहे. पैसेही तिचेच, आमच्या वडिलांनी तिला ठेवलेले."

सासऱ्यांनी सावकाश मान वळवली. "तू? माझी जमीन? आणि मी सही केली तिथं?"

"चष्मा न लावता केलीत," सासूबाई आमटी वाढत म्हणाल्या. "परक्याच्या हाती गेली असती, तर ते बरं होतं?"

"बरं, बरं. पण पैसे तरी माझ्याकडे आले की नाही?"

"आले ना. आल्या पावली तुम्हीच माझ्या हातात दिलेत. 'नीट ठेव, माझ्याकडून खर्च होतील' म्हणालात."

जावयानं हळूच वर पाहिलं. सासरे बोटांवर काहीतरी जुळवत होते आणि ते जुळत नव्हतं.

"संध्याकाळी टेकडीपलीकडे जरा फिरून आलो, तर चालेल ना?" त्यांनी अखेर विचारलं.

"जा की," सासूबाई म्हणाल्या. "तेवढी बादली घेऊन जा. माझी रोपं सुकत चाललीत."