बिराजदार सरांची कडू पट्टी

आमच्याकडच्या सत्यनारायणाला बिराजदार सरांनी पोथी सुरू होण्याआधीच सगळ्यांच्या जिभेवर औषध लावलेल्या कागदाची एकेक पट्टी ठेवली. कुणाला ती कडूजहर लागली, कुणाला निव्वळ कागद. गुरुजींचं तोंड असं काही वाकडं झालं की पाचही अध्याय त्यांनी घाईघाईत उरकले. मी चांगलीच फणकारले, तर सर शांतपणे म्हणाले, "वैनी, तुमच्या आईला कडू लागत असंल का हो?"

असा हा माणूस. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा आणि उरलेल्या वेळात सोलापुरातली लग्नं धुंडाळायचा, आमंत्रण असो वा नसो. एका मांडवात दोन्हीकडच्या तीन-तीन पिढ्या आयत्या भेटतात ना! लोक नवरी बघायचे, हे तिच्या मावशीच्या कानाच्या पाळ्या. आईबापाकडून मुलांत काय काय उतरतं, ते शोधायचं वेड. "एका घरात दिसलं तर योगायोग, शंभर घरांत दिसलं तर कायदा," हे त्यांचं पालुपद. लोक हसायचे, मीही हसायचे, पण कामावर इतका जीव लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आमच्या शेजारच्या गोदाक्कांचा नातू दीड वर्षाचा झाला तरी हाकेला वळेना. जन्मापासून ऐकूच येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. सून शोभा म्हणजे अक्कांच्या सख्ख्या भावाची मुलगी. मामाची मुलगी करायची आमच्याकडे पद्धतच. त्यामुळे सुनेच्या माहेरात खोट काढायची सोय नव्हती, ते अक्कांचंच माहेर! मग खापर फुटलं ग्रहणावर. पोटुशी असताना शोभानं ग्रहणात भाजी चिरली म्हणे. तिची ट्रंक भरून दारात आली, मुलाच्या दुसऱ्या लग्नाची भाषा सुरू झाली. नवरा आईपुढे ब्र काढेना. मला काही राहवेना, मी सरांना बोलावून आणलं.

सर ग्रहणाविषयी अवाक्षर बोलले नाहीत. चहा पीत अक्कांच्या माहेरची माणसं विचारत बसले. माहेरचा विषय निघाल्यावर अक्का कसल्या थांबतात! सांगता सांगता म्हणाल्या, "आमचा शिवाप्पा चुलता लई गुणाचा. ऐकू येत न्हवतं, पन बैल पारखावा तर त्यानंच."

अजून कुणी होतं का, सरांनी विचारलं.

"चुलतआज्याची एक पोरगी व्हती की," अक्का म्हणाल्या, आणि त्यांची नजर नातवाकडे वळली.

सर हळूच म्हणाले, "अक्का, त्यातलं थोडं तुमच्यातनं तुमच्या मुलात आलं, थोडं तुमच्या भावातनं शोभात. एकाच बाजूनं आलं तर कळतबी न्हाय. बाळात दोन्हीकडनं आलं. शोभाचा दोष न्हाय. तुमचाबी न्हाय."

अक्का उठल्या आणि ट्रंक स्वतःच ओढत आत घेऊन गेल्या. शोभाला रडूच फुटलं.

सर बाहेर पायरीवर जाऊन बसले होते. जिंकलात की सर, असं म्हणायला मी गेले, तर त्यांचे डोळे भरलेले.

"माझ्या धाकट्या बहिणीला ऐकू यायचं न्हाय, वैनी," ते म्हणाले. "बापानं आईला मैंदर्गीला माहेरी सोडलं, ते कायमचं. गरोदरपणी ती कुणा मुक्या बाईला हसली होती म्हणे. आपल्या हसण्यानंच झालं, असं तिला मरेपर्यंत वाटायचं. मी तिला समजावून सांगण्याइतका शिकलो, तवा ती न्हवती."