दामले काकांचा कर्नल

अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या दामले काकांना काहीही विचारलं, की ते आधी कर्नलचं मत सांगत. गाडी कुठली घेऊ? "कर्नल घोड्याचे दात बघायचा. तू टायर बघ." मंडळाच्या गणपतीत भांडण झालं, तर "कर्नलनं दोन्ही पार्ट्यांना पेपरात झोडपलं असतं." हा कर्नल एकोणिसाव्या शतकातच वारला होता, हे मला फार उशिरा कळलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. काकू गेल्यावर काका कायमचे म्हणून साताऱ्याला गेले आणि हिवाळ्याआधीच परत आले. कारण विचारलं तर "तिथं ड्रायव्हिंग जमेना" एवढंच सांगत. मग संध्याकाळी एकटेच भटकायला लागले. जुन्या दफनभूमीत त्यांना एक कललेला दगड सापडला आणि लायब्ररीत ठाण मांडून त्यांनी त्या माणसाची कुंडलीच काढली. यादवी युद्धात लढला, नंतर वर्तमानपत्र काढून गावाशी भांडला, शेवटी सरकारनं राजदूत म्हणून दक्षिण अमेरिकेत धाडला. गावानंच वशिला लावला असणार, असं माझं मत. काकांना ते मुळीच पटत नसे.

"सगळी उमेद बाहेर घालवली रे त्यानं," ते म्हणत. "मूलबाळ नाही, परत आला तर ओळखणारं कोणी नाही. म्हणजे आपल्यातलाच की."

सर्वपित्रीला सकाळीच त्यांचा फोन आला. "गाडी काढ. कर्नलचं पान ठेवायचंय."

पानावर वरणभात, खीर, उडदाचे वडे आणि कर्नलला सवयीचा म्हणून ॲपल पायचा तुकडा. दगडाजवळ ते मांडून आम्ही मागे सरलो. मेपलवर कावळे होते, पण एकही खाली येईना.

कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची काही इच्छा राहिलेली असते. ती पुरवू, असा शब्द द्यावा लागतो. काका अदबीनं म्हणाले, "कर्नल, वुई विल स्ट्रेटन युवर स्टोन." कावळे ढिम्म. "वुई विल स्टार्ट द पेपर अगेन." तरी नाही. काकांचा चेहरा उतरला. मला ऑफिसला उशीर होत होता. वैतागून मी म्हणालो, "अहो कर्नल, जेवून घ्या. पुढच्या वर्षीही येतो आम्ही."

एक कावळा उतरला, ॲपल पायकडे ढुंकूनही न बघता त्यानं वडा उचलला आणि उडाला.

मला हसू आलं. काका हसले नाहीत. गाडीत बसल्यावर म्हणाले, "आमच्या मुलाला, सुहासला, यातलं काही ठाऊक नाही. सॅन होजेहून येईल, 'व्हाय अ क्रो?' म्हणेल आणि सगळं कॅन्सल करेल. माझा कावळा अडला, तर तू हेच म्हणशील?"

"म्हणेन, काका."

काकांनी पट्टा लावला.

"नुसतं म्हणून चालत नाही पण," ते म्हणाले. "यायला लागतं."