नऊ दरवाजांच्या दालनाची बखर

॥ श्री ॥

वाट चुकल्यास जो वाट दाखवितो, आणि दाखवून मागे आपले नाव सांगत बसत नाही, त्यास प्रथम नमन. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, भाद्रपद मास. ते समयीं एका राज्यांत एकाच दालनास नऊ दरवाजे जाहाले, त्यापायी रयतेवर काय गुजरले आणि एका बाईने ते कसे निस्तरले, त्याची ही हकीकत. राज्याचे नाव लिहीत नाही. लिहिले तर ज्यांचे आहे त्यांस झोंबेल, आणि ज्यांचे नाही तेही आमचे का नाही म्हणोन रुसतील.

तर त्या राज्याचे एक संकेतस्थळ होते. रयत त्यास दरबारची वेबसाइट म्हणे. त्याचे एकेक पान म्हणजे एकेक दालन, आणि पानाचा जो पत्ता तो त्या दालनाचा दरवाजा, ऐसे समजावे म्हणजे पुढील मजकूर ध्यानी येईल. त्यांत एक दालन सर्पदंशाचे होते. कोणत्या दवाखान्यांत सापाचे इंजेक्शन आज शिल्लक, डॉक्टर कोण हजर, वाटेतला कोणता पूल पाण्याखाली, हे सर्व तेथे लिहिलेले असे, आणि लिहिण्याचे काम हौसाबाई तिटकारे यांजकडे होते. बाई डोंगराखालच्या दवाखान्यांत चौदा वर्षे आया होत्या. संगणक कोठल्या शाळेंत शिकल्या नव्हत्या. दवाखान्यांत मोडका म्हणोन टाकलेला एक संगणक होता, तो पुसोन, चालू करोन, एका बोटाने चाचपडत शिकल्या, आणि मग रोज सकाळी चाळीस दवाखान्यांस फोन करोन यादी ताजी करू लागल्या. दरबारांत पदवीधर कारकून बहुत होते, त्यांस हे जमले नाही. कारण उघड आहे. साप चावलेला माणूस बाजेवर कसा दिसतो हे त्यांणी कधी पाहिले नव्हते.

आता या राज्याची खोड सांगितली पाहिजे. कोणी मानकऱ्याने दालनास काडीची मदत केली की त्याच्या नावाचा एक दरवाजा त्या दालनास उघडून द्यावा, ऐसा रिवाज होता. एकाने तार ओढून दिल्ही, त्याचा दरवाजा. एकाने फीत कापिली, त्याचा दरवाजा. एक तर फीत कापते वेळी नुसता शेजारी उभा होता, त्याचाही दरवाजा. सरदार हिंदुराव मोहिरे यांणी दवाखान्याच्या गाडीस चार टायर दिल्हे, तेव्हां त्यांचाही जाहाला, आणि त्यांणी तो पत्ता आपल्या तसबिरीसह फ्लेक्सवर छापोन राज्यांतल्या एकूणएक एसटी थांब्यावर टांगिला. ऐसे आठ मानकऱ्यांचे आठ आणि मूळचा एक, ज्यावर केवळ 'सर्पदंश' इतकेच लिहिलेले, मिळोन नऊ दरवाजे जाहाले. आंत दालन मात्र एकच. दिवाण रंगोपंत यांणी प्रत्येक दरवाजास मान हलविली, कारण नाही म्हणणे त्यांस जन्मांत आले नव्हते.

आणि सर्व राज्यांच्या वर त्या काळी एक शोधपातशाही होती. रयतेने मोबाईलांत काही विचारिले की उत्तर तेथोन येई, कोणाचे दालन पहिले दाखवावे आणि कोणाचे शंभरावे हे पातशहा ठरवी, आणि त्यासाठी त्याचे जासूद राज्योराज्यी दरवाजे पाहत फिरत. जासुदास खाणे नाही, पिणे नाही, झोप नाही. यावे, वाचावे, जावे, आणि जे पाहिले ते पातशहास सांगावे.

भाद्रपद वद्य पंचमीस गवत कापता कापता ठमाबाई म्हणोन एक बाई होती तिचे हातास नाग चावला. भाच्याने मोबाईलांत विचारिले, आणि पहिले नाव आले ते एका भगताचे. त्याचेही संकेतस्थळ होते, त्यावर 'विष उतरवून मिळेल' ऐसे लाल अक्षरांत लिहिलेले. हौसाबाईंची यादी कोठे तरी तळाशी, जेथवर कोणी बोट सरकवीत नाही. मग ठमाबाईस भगताकडे नेली, आणि भगताने तीन तास लिंबू कापिले, आणि मग दवाखान्यांत आणिली. डॉक्टर भला होता. जीव वाचला, परंतु उजव्या हाताची दोन बोटे गेली. हौसाबाई भेटीस गेल्या तेव्हां ठमाबाई म्हणाल्या, "हौसाक्का, तुझी यादी मोबाईलात हाये म्हनतीस. मग आमाला का न्हाई घावली?" हौसाबाईंणी ठमाबाईंची उशी नीट केली आणि परत आल्या. भातकापणीस दोन महिने राहिले होते. कापणीत साप बहुत निघतात. तोवर यादी वर आली नाही तर आणखी किती बोटे आणि किती माणसे जातील, हे त्यांस कोणी सांगावे लागत नव्हते.

मग त्या संकेतस्थळाच्या वेशीवर जासुदाची वाट पाहत बसल्या. तो पंधरवड्यांत एकदा येई. आला, तेव्हां बाई वाटेंत आडव्या जाहाल्या आणि म्हणाल्या, "दादा, आमचं दालन खरं आणि भगताचं खोटं. तरी तो वर अन् आम्ही खाली, हा काय न्याय?"

जासूद बोलला, "बाई, खरे खोटे मला ठाऊक नाही. मी दरवाजे मोजतो. तुमच्या दरबाराने दरवाजांची यादी पाठविली, तींत नऊ दरवाजे लिहिलेले. नवांतून शिरलो. नवांत तीच भिंत, तोच मजकूर. असल कोणता हे कोठे लिहिलेले नाही. मग जो मान एका दालनास द्यायचा तो नऊ ठिकाणी चिमूट चिमूट वाटला. भगताचा दरवाजा एकच आहे, त्याला सगळा मिळाला."

"मग विचारायचं न्हाई?"

"विचारणे माझे काम नाही. आणखी ऐका. तुमच्या यादीत इतर दालनांचे गेल्या साली बुजविलेले दरवाजेही आहेत, तेथे जाऊन भिंतीस कपाळ लागते. आणि प्रत्येक दालनापुढे आजची तारीख घालता, की आज नवे लिहिले. आंत पाहावे तो तीन वर्षांचा जुना मजकूर. दोनदा फसलो, आता तुमच्या तारखेवर विश्वास ठेवीत नाही. एका फेरीत मला पावले मोजकी मिळतात, बाई. ती तुमच्या फाजील दरवाजांत संपतात, आणि तुम्ही आज सकाळी लिहिलेली यादी वाचायची राहून जाते."

हौसाबाईंस राग आला, परंतु जासुदाचा नव्हे. त्यांणी हात जोडिले आणि म्हणाल्या, "उपकार झाले दादा. दरबारात एवढं सरळ मला कुनी सांगितलं न्हवतं." जासूद म्हणाला, "ऐसे कोणी म्हणत नाही. सारे म्हणतात, आम्हांस वर चढवा." आणि गेला.

मग दरबार भरला. दिवाण रंगोपंत गादीवर, आठ मानकरी दोहों बाजूंस, आणि हौसाबाई ठमाबाईस संगे घेऊन मध्ये उभ्या राहिल्या. अर्ज केला की, असल दरवाजा एकच ठरवावा. मूळचा साधा 'सर्पदंश' लिहिलेला, तोच ठरवावा, कारण दवाखान्यांच्या भिंतींवर आणि शाळांच्या वह्यांत तोच लिहिलेला आहे. दालनाच्या कपाळी चिठ्ठी लावावी की असल दरवाजा हाच. बाकी आठांवर हुकूम लिहावा की येईल त्यास येथोन असल दरवाजी पोचवावे. आणि पातशाहीस जी यादी जाते तींत असल तेवढेच दरवाजे आणि खरी तारीख असावी. हे ऐकताच आठही मानकरी एकदम बोलू लागले, आणि प्रत्येकाचे म्हणणे एकच की, असल एक ठेवा, पण आमचा ठेवा.

एक शहाणा कारकून पुढे येऊन म्हणाला, "हुजूर, भांडण कशास. आठही बुजवून टाकू." हौसाबाई म्हणाल्या, "आणि फ्लेक्स वाचून येनारा? तो भिंतीवर आपटायचा. त्याला साप चावलेला असतो, साहेब, सहलीला न्हाई आलेला." कारकून मागे सरला. मग रंगोपंत गोड आवाजांत म्हणाले, "बाई, हुकूम लिहू, पण तात्पुरता लिहू. म्हणजे कोणी रुसणार नाही." त्यावर हौसाबाई म्हणाल्या, "दिवाणसाहेब, तात्पुरतं लिवलं की जासूद समजतो धनी परत येनार हाय, आणि जुनाच दरवाजा धरून बसतो. लिवायचं तर कायमचं. तुम्हांला कोन रुसंल याची काळजी हाय, मला कोन मरंल याची." दरबारांत ऐसे कोणी बोलले नव्हते. रंगोपंतांणी पंख्याकडे पाहिले.

सरदार हिंदुराव उठले. अंग भारी, आवाज त्याहून भारी. म्हणाले, "हौसाबाई, तीनशे थांब्यांवर माझं नाव आहे. टायर मी दिले. आणि माझाच दरवाजा नकली म्हणतेस?"

"नकली न्हाई सरदार. उघडाच राहील. तसबीर बी राहू द्या. तुमच्या दारानं आलेला मानूस आत पोचला, तर तुमचा मान वाढला का गेला?"

हिंदुराव काही बोलणार, तोच ठमाबाईंणी आपला उजवा हात वर केला. तीन बोटांचा हात सर्वांणी पाहिला. ठमाबाई म्हणाल्या, "सरदार, मला तुमचं नाव ठाव न्हवतं. ह्या बाकीच्यांचं बी न्हवतं. साप चावल्यावं कोन कुनाचं नाव इचारतं?"

हिंदुराव त्या हाताकडे पाहत खाली बसले आणि म्हणाले, "लिही. कायमचं लिही. सुरुवात माझ्यापासून कर." एका गर्विष्ठ माणसाने भरल्या दरबारी आपले नाव मागे घेतले. मोठी नावे पुढे करणारे पुष्कळ पाहिले, मागे घेणारा क्वचित. म्हणोन हे येथे आदराने लिहिले आहे. हिंदुरावांमागे बाकी सातांस बसून राहणे जड गेले, आणि तेही हो म्हणाले.

मग हौसाबाईंणी चार दिवस खपोन आठ दरवाजांवर हुकूम चढविले, कपाळी चिठ्ठी लाविली, दरबाराच्या इतर दालनांतल्या वाट दाखविणाऱ्या पाट्याही असल दरवाजाकडे वळविल्या, आणि पातशाहीस जाणारी यादी नव्याने लिहिली. बुजलेले सारे दरवाजे तींतून गेले, आणि तारखा ज्या दिवशी खरोखर लिहिले त्याच दिवशीच्या घातल्या. यादी लहान जाहाली. कारकुनांस वाटले दरबाराचे वैभव गेले. जासूद आला, एका दरवाजाने शिरला, सर्व वाचून बाहेर आला आणि बोलला, "आज पाय दुखले नाहीत. मी पाहिले ते सांगेन. चढविणे पातशहाची मर्जी." बाई म्हणाल्या, "तेवढंच करा दादा."

पहिल्या पंधरवड्यांत काही जाहाले नाही. दिवाण भेटले की विचारीत, काय बाई, आली का वर? हौसाबाई फोन फिरवीत, आणि चाळीस दवाखान्यांची यादी रोज लिहीत. ठमाबाईंचा भाचा रोज मोबाईलांत तोच प्रश्न विचारी आणि मावशीस दाखवी. आश्विन सरता सरता एके सकाळी ठमाबाई स्वतः चालत आल्या आणि डाव्या हाताने मोबाईल पुढे धरिला. पहिले नाव सर्पदंशाच्या दालनाचे. भगत नाहीसा जाहाला नव्हता, परंतु खाली गेला होता. हौसाबाईंणी चहा टाकला, आणि ठमाबाईंणी तीन बोटांत कप नीट धरून दाखविला.

कार्तिकांत कापणी लागली. चिंधू भांगरे यांचे पायास फुरसे चावले. त्यांची बायको बुधाबाई यांणी नवऱ्यास थांब्यावर आणिले, आणि समोर हिंदुरावांची तसबीर दिसली, तिच्या खालचा पत्ता मोबाईलांत घातला. हिंदुरावांच्या दरवाजाने बुधाबाईस क्षणांत असल दालनांत पोचविले. तेथे लिहिलेले की, जवळच्या दवाखान्यांत इंजेक्शन संपले आहे, पलीकडच्यांत आहे, पूल मोकळा. जीप तिकडे गेली. चिंधू आठव्या दिवशी चालत घरी आले.

मग बुधाबाई नव्या तांदळाची टोपली घेऊन हिंदुरावांच्या दारी गेल्या, कारण त्यांस ठाऊक असलेले नाव तेवढेच होते. पायांवर डोके ठेविले आणि म्हणाल्या, "सरदार, तुमच्या पाटीनं माझा धनी वाचला." भोवती मंडळी जमली होती. हिंदुरावांस ते आभार ठेवून घेता आले असते, आणि कोणास कळलेही नसते. त्यांणी बुधाबाईस उठविले, टोपली आपल्या हातांनी उचलिली आणि म्हणाले, "बाई, दार माझं आहे. घर माझं नाही. चला." आणि भर दुपारी ते अंगाने भारी सरदार डोईवर टोपली घेऊन, बुधाबाईस पुढे घालोन, बाजारपेठेतून चालत हौसाबाईंच्या खोलीपाशी आले. हौसाबाई फोनवर होत्या. त्यांणी फोन खाली ठेविला, टोपली पाहिली, सरदारांच्या डोईवरचा घाम पाहिला, आणि सर्व समजोन म्हणाल्या, "सरदार, हे तात्पुरतं का कायमचं?"

हिंदुराव टोपली उतरवीत म्हणाले, "कायमचं."

तात्पर्य इतकेच की, नऊ दरवाजे होते तेव्हां कोणी आंत पोचत नव्हते, आणि एक असल जाहाला तेव्हां नवांतूनही पोचू लागले. त्या कामी सरळ सांगितले तो जासूद, हात वर केला ती ठमाबाई, नाव मागे घेतले ते हिंदुराव, आणि रोज सकाळी फोन फिरवितात त्या हौसाबाई, या चौघांचे उपकार राज्यावर आहेत. लिहिणाराने आपले नाव घातले नाही. ज्यास बखर मिळाली त्यास ती मिळाली, दरवाजा कोणाचा हे पुसू नये. इति.