खंडूकाकांचं अठ्ठाविसावं नक्षत्र

आमच्या शेजारचे खंडूकाका कोणतंही चांगलं काम भर दुपारी बारालाच करतात. मे महिन्यात आमच्या डोंगरकडा गावची कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत, तेव्हा काका नवी म्हैस ओढत घरी आणतात.

"काका, ऊन उतरू द्या की," असं कुणी म्हटलं तर उत्तर ठरलेलं. "अभिजित हाय बाबा. कुनाच्या बापाला भेत न्हाई."

अभिजित म्हणजे अठ्ठाविसावं नक्षत्र. आता सत्तावीसच मोजतात, हे वगळलेलं. त्याचा अर्थ विजय. दुपारचा मुहूर्त मात्र अजून त्याच्या नावानं चालतो. काकांची जन्मवेळ कुणालाच ठाऊक नव्हती, म्हणून लग्न जुळवताना नावाचं पहिलं अक्षर धरलं. 'ख' नेमकं अभिजितचं निघालं. "ह्या पोराला नक्षत्रच न्हाई," जुळवणारा म्हणाला. पाहुणे उठले ते उठलेच. काका एकटे राहिले आणि ते बेवारस नक्षत्र त्यांनी सांभाळायला घेतलं.

"पंचांगातून काढलं तं काय झालं? तारा तितंच हाय का न्हाई?"

अडचण एकच. बुधवारी हा मुहूर्त चालत नाही. त्या दिवशी काका घराबाहेर पडत नाहीत, दाढीसुद्धा करत नाहीत.

माझी टी.सी. मंगळवारी संध्याकाळी हातात आली, आणि बाळापूरच्या कॉलेजात प्रवेशाचा शेवटचा दिवस बुधवार. बाबा कामासाठी पुण्याला. आमच्या घरात कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. "तितं काय बोलावं, मला काय कळतंय माय?" आई म्हणाली. एकटीनं जायची माझी हिंमत होत नव्हती.

बुधवारी सकाळी काका धुतलेलं धोतर नेसून आमच्या घरात हजर.

"चल गं पोरी."

"काका, आज बुधवार हाय!"

"मला शिकवून राहिली का? चप्पल घाल."

मी उंबऱ्याशी पोचले, तोच त्यांनी मला दंडाला धरून मागं ओढलं. "थांब. आदी मी." आणि डोळे गच्च मिटून त्यांनी पाय बाहेर टाकला.

ऑफिसात काका सगळ्यांना "सायेब" म्हणत होते, शिपायालाही. माझा आवाज फुटेना, तेव्हा तेच बोलले. मी आज दुसऱ्या वर्षाला आहे, ती त्या बुधवारामुळे.

येताना जीपमध्ये मी विचारलं, "काका, मला मागं काहून ओढलं?"



"दोघं निघाले की ज्याचा पाय पयला, दिवसाचं बरंवाईट त्याच्यावर. माझ्यामागं रडायला कोन हाय? तुला लई शिकायचं हाय."