खवल्याची हसण्याची शिकवणी

बाळांनो, एक विचारतो. एक गिऱ्हाईक दुकानात शिरताच "काय शेठ, तब्येत छान झाली की" म्हणतं. दुसरं मुकाट उभं राहून "पावशेर गूळ" एवढंच म्हणतं. यांतल्या कुणावर विश्वास टाकून, गल्ला उघडा ठेवून चहाला जाल?

घाई नको. आधी ऐका.

एका जंगलात सिंहशेठची मधाची वखार होती. तिथं एक खवले मांजर कामाला होतं. सगळे त्याला खवल्या म्हणत. मधाला लागलेल्या मुंग्या खायच्या, हे त्याचं काम. इतकं आवडीचं काम, की वर पगार घ्यायची त्याला लाज वाटे.

फक्त कुणी मोठ्यानं बोललं किंवा पाठीवर थाप मारली, की तो अंगाचा चेंडू करून घेई. आणि विनोदाला हसत नसे.

वखारीत मॅनेजर होतं माकड. ते दिवसभर विनोद करी, थापा मारी आणि चेंडू झालेल्या खवल्याला वखारभर घरंगळवत नेई. शेवटी तक्रारही माकडानंच केली.

"शेठ, खवल्याचा स्वभाव फार अवघड. चारचौघांत मिसळत नाही, हसत नाही."

"शिकवणी लावा. महिन्यात हसला नाही, तर काढून टाका," सिंहशेठ म्हणाले.

खवल्याची झोप उडाली. एवढ्या गोड मुंग्या दुसरीकडे कुठं मिळणार?

शिकवायला कोल्हीणबाई आल्या. "सोपं आहे हो. समोरचा बोलला की डोळ्यांत बघायचं, 'वा वा' म्हणायचं आणि हसायचं."

"कळलं नाही तरी?"

"कळल्यावर कोण हसतं? सगळे असंच करतात."

खवल्यानं वारुळासमोर उभं राहून सराव केला. मुंग्यांनाही अवघडल्यासारखं झालं.

महिना भरला. सगळे वखारीत रांगेनं उभे राहिले. सिंहशेठ हळव्या आवाजात म्हणाले, "मंडळी, काल माझी शेवटची दाढ पडली."

खवल्यानं शेठच्या डोळ्यांत रोखून पाहिलं, "वा वा" म्हटलं आणि तो पोट धरधरून हसला.

माकड खांबावर चढलं. कोल्हीणबाईंना दुसरीकडचं काम आठवलं.

"का हसलास रे?" शेठनी विचारलं.

"शिकवलंय, शेठ. तुम्ही बोललात की हसायचं. सगळे असंच करतात म्हणे."

सिंहशेठनी रांगेकडं पाहिलं. मग हळूच उंटाचा एक जुना विनोद सुरू केला. अख्खी वखार गडाबडा लोळली.

"शेवट अजून सांगितलाच नाही," शेठ म्हणाले.

त्यांना फार लागलं ते. त्यांनी हुकूम काढला, उद्यापासून हसू आलं तरच हसायचं. दुसऱ्या दिवशी सकाळभर त्यांनी विनोद सांगितले. वखारीत मुंग्या चालल्याचं ऐकू येत होतं.

दुपारी हुकूम मागं घेतला. सगळ्यांनी पूर्वीसारखं हसायचं. खवल्याला मात्र मागच्या गोदामात टाकायचं, जिथं कुणी बोलायला येत नाही, थाप मारायला येत नाही, नुसत्या मुंग्या येतात.

"ही शिक्षा आहे बरं का," माकडानं बजावलं.

"हो का?" खवल्या म्हणाला. "मग तोंड कसं करायचं?"

तात्पर्य: ज्याला हसता येत नाही, त्याला शिकवणी लावावी. ज्याला हसवता येत नाही, त्याला मॅनेजर करावं. आणि बाळांनो, आज साहेबांच्या विनोदाला किती हसलात आणि त्यातलं खरं किती, एवढा हिशोब तरी प्रामाणिकपणे ठेवा.