दोन रेघांमधली तिसरी रेघ

सोमवारी तिने सरांना छातीठोकपणे सांगितलं, "सर, हृदयाच्या पेशीत आजवर कुणी न पाहिलेली रेघ मला सापडलीय."

बढाया मारायचा तिचा स्वभाव नव्हता. पण चार वर्षं ती प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या खोलीत उंदरांच्या हृदयपेशी बघत होती. साध्या सूक्ष्मदर्शकात जिथे नुसतं धुकं दिसतं, तिथलं बारीकसारीक दाखवणारं नवं यंत्र आलं आणि तिची तहानभूक हरपली. या पेशींत सारख्या अंतरावर आडव्या रेघा असतात. तिच्या चित्रात एका जागी दर दोन रेघांमध्ये तिसरी होती!

सरांनी संचालकांना सांगितलं. संचालकांनी शुक्रवारी तिचं व्याख्यान ठेवून बाहेरच्या पाहुण्यांनाही बोलावलं. बुधवारी फाटकावरचा पहारेकरीसुद्धा विचारू लागला, "मॅडम, रेघ बरी आहे ना?"

गुरुवारी दुपारी मावशी येऊन थडकली. शिवणकाम करून तिनेच भाचीला शिकवलं होतं. भाची हृदय बघते एवढंच तिला ठाऊक.

"जिना चढताना धाप लागते गं. म्हटलं, तुझ्याकडेच दाखवावं."

"मावशी, मी डॉक्टर आहे, पण तसली नाही."

"मग कसली?"

तिने पडद्यावर चित्रच दाखवलं. "ही हृदयाची एक पेशी. यंत्र तुकड्यातुकड्याने फोटो काढतं, कॉम्प्युटर त्यांच्या कडा एकावर एक ठेवून ते जोडतो."

मावशी चष्मा पुसून पुढे वाकली. एका जागी तिने बोट ठेवलं.

"इथे जोड चुकलाय."

"मावशी, ते कापड नाही."

"नसू दे. पट्ट्यांचं झिरझिरीत कापड एकावर एक आलं आणि जरा सरकलं, की अशाच दुप्पट पट्ट्या दिसतात. बाकी ठिकाणी बघ, आहेत का?"

बाकी कुठेच नव्हत्या. तिने त्या जोडाचे दोन्ही तुकडे वेगळे करून पाहिले. दोन्हींत रेघा नेहमीसारख्या, नेहमीच्याच अंतरावर. तिचे कान तापले. चार वर्षांची नजर, आणि ही बाई दोन मिनिटांत!

"चुकलं का गं माझं काही?" मावशीने विचारलं. बोलता बोलता तिने खुर्चीचा हात धरला होता.

मावशीची धाप भाचीला आत्ता ऐकू आली. गेल्या खेपेला घरी गेली तेव्हाही असेलच. तेव्हा ती लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली होती.

सरांकडे जाण्याआधी तिने हृदयाच्या खऱ्या डॉक्टरांना फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ घेतली. मग मावशीला पाणी देऊन, मान खाली घालून सरांसमोर उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. व्याख्यान रद्द करावं लागेल, हेही.

सर ओरडले नाहीत. उठून त्यांनी दार लावलं, कपाटातून स्वतः काढलेला, दहा वर्षांपूर्वी गाजलेला पेशीचा फोटो बाहेर काढला आणि हळू आवाजात विचारलं, "मावशी अजून आहेत का हो?"