मेश्रामभाऊ आणि माझा अंगठा

आमच्या गुढियारीत माणूस भेटला की लोक "जय भीम" म्हणतात. मेश्रामभाऊ म्हणतात, "पाय दाखवा."

रेल्वेच्या दवाखान्यात मलमपट्टी करण्यात त्यांचा जन्म गेला. रिटायर झाले, पण नजर काही जमिनीवरून उठली नाही. बाजारात माझं तोंड नाही ओळखणार, टाच हजारात ओळखतील. एका लग्नात नवरीच्या भेगा पाहून आहेरात मलमाची डबी दिली होती बाप्पा!

मला शुगर. अंगठ्याला चप्पल लागून जखम झाली, ती मी महिनाभर साडीच्या काठाखाली लपवली. भाऊंनी वासावरून पकडलं. "वैनी, काहून लपवून राहिल्या? जंतूनं आत बिऱ्हाड केलं!"

समता कॉलोनीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जंतू चिकट पापुद्रा पांघरून बसलेत, साधं औषध खाली पोचतच नाही. मग चांदीची पट्टी दिली. तिच्यात डोळ्याला न दिसणारे चांदीचे कण, आणि कणाकणावर असा लेप की तो त्या पापुद्र्यालाच जाऊन भिडावा. यानं जमलं नाही, तर अंगठा काढावा लागेल. अंगठ्यामागून पाय जातो, हे मी आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यातच पाहिलेलं.

भाऊ रोज दहाला यायचे, कोपरापर्यंत हात धुवायचे, पट्टी जागेवर आहे का बघायचे. चौथ्या दिवशी ती बदलायला उघडली, तर अंगठा काळा! भाऊंच्या नोकरीत काळं म्हणजे सडलं. त्यांच्या हातातला चिमटा खाली पडला.

"ऑटो बोलावतो," एवढंच बोलले.

रस्ताभर मी रडत होते, आणि भाऊ पुटपुटत होते, "माह्या बायकोचा बी असाच झाला होता. गावाचे पाय पाह्यले मी, अन् घरातल्या बाईनं मलेच नाही दाखवला."

डॉक्टरीणबाईंनी ओल्या कापसानं पुसलं आणि हसल्याच. "आंटी, ये तो चांदी का दाग है! नीचे देखो, कितना गुलाबी!"

मी सुटले. भाऊ मात्र बाकावर बसले ते किती वेळ उठलेच नाहीत.

पुढे जखम भरली, पट्टी बंद झाली. दुसऱ्या दिवशी दहाला भाऊ दारात. हात धुतले, पाटावर बसले, मग ध्यानात आलं असावं. खाली मान घालून म्हणाले, "मले वाटलं..."

मी दुसरा, चांगला पाय पुढे केला.

"हा पहा न भाऊ. मले याचं भेव वाटून राहिलं."

त्यांनी चष्मा लावला. एकेक बोट सोडवून, सावकाश, पाचही बोटं पाहिली.

"उद्या पुन्हा पाहू," म्हणाले.

"हव," मी म्हटलं.